तंबूतल्या बाकीच्या अकरा जणी

काही दिवसांपूर्वी रात्री उशिरापर्यंत जागून मी वायकिंग काळातली एक प्रेमकादंबरी वाचत होते. पुस्तक काही फार थोर नव्हते, पण खाली ठेववत नव्हते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे एक गाव जळते आहे, नायिकेच्या भावाला नायकाच्याच माणसांनी मारले आहे आणि तिला इतर बायकांबरोबर नावेत घालून समुद्रापार नेले जात आहे. रात्री नायक तिच्याजवळ येतो, दोराने सोलवटलेली तिची मनगटे पाहतो, एक शब्दही न बोलता दोर कापतो आणि जखमांवर चरबी चोळतो. ती त्याच्या तोंडावर थुंकते. तो चिडत नाही, हसतही नाही. स्वतःच्या खांद्यावरचे लोकरी कांबळे तिच्या अंगावर टाकतो आणि सुकाणूकडे निघून जातो. असे प्रसंग लिहिणाऱ्यांना वाचकाची नाडी नेमकी सापडलेली असते. मीही सुखावून पान उलटले. पुढच्याच परिच्छेदात एक वाक्य होते की बाकीच्या बायका नावेच्या टोकाशी एकमेकींना बिलगून झोपल्या होत्या. त्यानंतर त्या बायका कादंबरीत पुन्हा कुठेही आल्या नाहीत. नायिकेचा हिवाळा सुरू झाला, तिला चुलीजवळची जागा मिळाली, नायकाच्या आईशी तिची भांडणे झाली, बर्फ वितळेपर्यंत ती त्याच्या प्रेमातही पडली. बाकीच्यांचे दोर कुणी कापले हे लेखिकेने सांगितले नाही, आणि नायिकेलाही ते विचारावेसे वाटले नाही.

मला मात्र झोप येईना.

शत्रूच पुढे प्रियकर होतो अशा गोष्टींचा एक मोठा वाचकवर्ग आहे. इंग्रजीत हा साचा ‘एनिमीज टू लव्हर्स’ या नावाने ओळखला जातो आणि आपल्याकडच्या तरुण वाचक मुलीही तो शब्द सर्रास वापरतात. या साच्याला वायकिंग काळ फारच मानवतो, कारण इथे वैर मुद्दाम रचावे लागत नाही. एरवीच्या प्रेमकथेत नायक-नायिकेचे वैर एखाद्या नाचाच्या समारंभातल्या अपमानावर किंवा वारशाच्या भांडणावर उभे असते; इथे त्यांच्यामध्ये खरे रक्त सांडलेले असते. शिवाय हिवाळ्यात उत्तरेकडचा समुद्र प्रवासाला बंद होतो, त्यामुळे पळून जायची सोय नसते आणि दोघांना एका छपराखाली महिनोन्महिने काढावे लागतात. ते छप्पर कादंबरीत नेहमी एकांत देणारे असते. प्रत्यक्षात वायकिंग काळातले घर म्हणजे एक लांबलचक दालन, मधोमध जमिनीवर पेटलेले शेकोटीवजा चुलाण, दोन्ही बाजूंनी मातीचे किंवा लाकडाचे ओटे, त्यांवर घरधनी, मुले, म्हातारी माणसे, गडी आणि गुलाम अशी सगळ्यांची रात्रीची पथारी, आणि छपराच्या भोकातून जमेल तेवढाच बाहेर पडणारा धूर. ओल्या लोकरीचा, माशांचा आणि माणसांचा वास त्या धुरात मिसळलेला असणार. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र तो नायक भर हिमवर्षावात उघड्या छातीने उभा असतो. थंडी वाजणे हे बहुधा केवळ दुय्यम पात्रांच्या वाट्याला येत असावे.

या साच्याची मूळ गोष्ट शोधायला आइसलँडच्या सागांकडे, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथांकडे जावे, तर पहिल्यांदा मेलकोर्का भेटते. ‘लाक्सदेला सागा’ तेराव्या शतकात लिहिली गेली, पण मेलकोर्काची ही गोष्ट दहाव्या शतकातली आहे. होस्कुल्ड नावाचा एक मातब्बर आइसलँडकर घरासाठी इमारती लाकूड आणायला नॉर्वेला जातो आणि तिथून राजाला भेटायला आजच्या स्वीडनच्या किनाऱ्याजवळच्या ब्रेन बेटांवर भरलेल्या जत्रेला जातो. तिथे इतरांपासून जरा दूर एक तंबू आहे आणि त्यात रशियन पद्धतीची टोपी घातलेला गिल्ली नावाचा व्यापारी बसला आहे. होस्कुल्ड त्याच्याकडे विकत घ्यायला दासी मागतो. गिल्ली तंबूतला पडदा वर करतो, आणि पडद्याआड बारा बायका ओळीने बसलेल्या असतात. तंबूच्या कडेशी फाटक्या कपड्यांत बसलेली एक होस्कुल्डच्या मनात भरते. बाकीच्यांची किंमत प्रत्येकी एक मार्क चांदी. हिची तीन मार्क. एक मार्क म्हणजे दोनशे ग्रॅमहून थोडी अधिक चांदी. गिल्ली प्रामाणिक व्यापारी आहे, मालातला दोष लपवत नाही: ही मुकी आहे, असे तो सांगतो. होस्कुल्ड कमरेची थैली सोडतो, गिल्ली तराजू आणतो, चांदी तोलली जाते. त्याच रात्री होस्कुल्ड तिच्याशी संग करतो आणि दुसऱ्या दिवशी तिला पेटीतले चांगले कपडे देतो. सागाकाराने हे सगळे लाकडाच्या खरेदीच्याच सुरात सांगितले आहे.

ती मुकी नव्हती. आइसलँडला आल्यावर तिला मुलगा झाला, त्याचे नाव ओलाफ ठेवले गेले, आणि तो दोन वर्षांचा असताना एका सकाळी, ऊन चांगले पडलेले असताना, शेतावर फिरणाऱ्या होस्कुल्डला ओढ्याकाठी कुणीतरी बोलत असल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर ती मुलाशी बोलत बसली होती. म्हणजे इतका काळ ती केवळ त्या घराशी बोलत नव्हती. आता लपवण्यासारखे उरले नाही तेव्हा तिने सांगितले, की माझे नाव मेलकोर्का, मी आयर्लंडच्या मिर्क्यार्तान राजाची मुलगी, आणि पंधरा वर्षांची असताना मला धरून आणले. मला हा प्रसंग सगळ्या प्रेमकादंबऱ्यांहून वरचढ वाटतो. ज्याच्या हातून सुटका नाही त्याच्यापासून तिने एकच गोष्ट राखून ठेवली होती, आणि ती तिने मालकाला नव्हे, लेकराला दिली. एखादी कादंबरीकार इथून पुढे होस्कुल्डला पश्चात्तापाने विरघळवून टाकील. साग्यात तो फक्त म्हणतो, की इतक्या मोठ्या कुळाबद्दल तू फारच काळ गप्प राहिलीस. पुढे एका संध्याकाळी त्याची बायको योरुन पायातले मोजे काढून देणाऱ्या मेलकोर्काच्या डोक्यावर तेच मोजे हाणते, मेलकोर्का तिच्या नाकावर ठोसा मारून रक्त काढते, आणि होस्कुल्ड दोघींना सोडवून मेलकोर्काला दरीत दुसरीकडे वेगळे शेत थाटून देतो. प्रेम होते की नाही याची चौकशी सागाकार करीत नाही. ठोसा मात्र तो विसरत नाही.

पण त्या पडद्याआड बारा जणी होत्या. एकीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ती राजाची मुलगी निघाली आणि तिचा मुलगा मोठा माणूस झाला. बाकीच्या अकरा जणी प्रत्येकी एक मार्क या किमतीपुरत्या साग्यात आल्या आणि पडदा खाली पडला.

अशा बायकांची नोंद कुठे असलीच तर ती ठोक भावाने असते. आयर्लंडच्या अल्स्टर वार्षिकीत 821 सालाखाली लिहिले आहे, की विधर्मी लोकांनी, म्हणजे वायकिंगांनी, एटार, म्हणजे आजच्या डब्लिनजवळचे हाउथ, लुटले आणि पुष्कळ बायका धरून नेल्या. त्याच वार्षिकीत 871 सालाखाली ओलाफ आणि इवार हे दोन सरदार स्कॉटलंडकडून दोनशे जहाजे घेऊन डब्लिनला परतल्याचे आणि सोबत इंग्लिश, ब्रिटन व पिक्ट या लोकांतल्या कैद्यांची मोठी लूट आणल्याचे नमूद आहे. त्या कैद्यांचे पुढे काय झाले याचे उत्तर कागदावर नाही. ते थोडेसे रक्तात सापडले. पंचवीसेक वर्षांपूर्वी आइसलँडच्या लोकांचा आनुवंशिक अभ्यास झाला तेव्हा दिसले, की बापाकडून मुलाकडे जाणारे तिथले वंश बहुतांशी, म्हणजे साधारण 75 ते 80 टक्के, नॉर्वेच्या बाजूचे आहेत. पण आईकडून येणारे वंश 60 टक्क्यांच्या आसपास आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या बाजूचे आहेत. या सगळ्याच बायका दोर बांधून आणलेल्या नव्हत्या. काही रीतसर बायका म्हणून, काही स्कॉटिश बेटांवर आधीच वसलेल्या मिश्र कुटुंबांतून आलेल्या असणार. तरीही या दोन आकड्यांमधली तफावत वाचताना मला पहिल्यांदा त्या तंबूचीच आठवण झाली.

त्यांचे दिवस कसे गेले हे थोडेफार सांगता येते. जात्यावर दळणे, गुरांचे करणे, आणि मुख्यतः लोकर. खालच्या टोकांना दगडी वजने टांगलेला उभा माग भिंतीला टेकवून ठेवलेला असे आणि बाई त्याच्यापुढे उभी राहून, दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे ये-जा करीत विणत असे. आपण वायकिंग म्हटले की जहाज पाहतो, त्याच्या बाकदार नाळेचे कौतुक करतो, सुताराच्या कुऱ्हाडीची करामत सांगतो. त्या जहाजाचे शीडही लोकरीचे असे, आणि एका मोठ्या शिडाची लोकर निवडून, विंचरून, टकळीवर कातून, विणून, चरबीने माखून तयार करायला अनेक बायकांच्या हातांचे जे श्रम लागत, त्यांची बेरीज काही वर्षांत जाते. अनेकदा ते जहाज बांधण्याहून अधिक वेळखाऊ काम होते. म्हणजे ज्या बाईला एका शिडाने उचलून आणले, तीच पुढच्या मोहिमेचे शीड विणत उभी राहत असणार. हा विचार मनात आल्यापासून कादंबरीतल्या नायकाचे जहाज किनारा सोडते तेव्हा माझे लक्ष त्याच्या दंडाच्या स्नायूंवरून उडून शिडाकडे जाऊ लागले आहे, आणि त्यात माझ्या वाचनाची काहीशी हानीच झाली आहे.

तरीही मी या कादंबऱ्या वाचायचे सोडलेले नाही, आणि वाचणाऱ्या बायका भोळ्या असतात असे म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. कन्येच्या आप्तांना मारून, घर फोडून, आक्रोश करणाऱ्या मुलीला बळजबरीने नेणे याला आपल्या स्मृतिकारांनी राक्षसविवाह म्हटले आणि आठ विवाहप्रकारांत त्याचीही गणना केली. तेव्हा अपहरणाची गोष्ट ऐकून दचकायचे आणि तरीही पुढे काय झाले म्हणून कान टवकारायचे, ही आपली जुनीच सवय आहे. या पुस्तकांतला खरा आनंद अपहरणाचा नसतोच. तो असतो पुस्तकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, जिथे सगळे करू शकणारा माणूस काहीच करीत नाही, विचारतो, थांबतो आणि अखेरीस क्षमा मागतो. चाहत्यांच्या भाषेत त्याला ‘ग्रोव्हल’ म्हणतात, आणि तो पुरेसा लांबला नाही तर वाचक पुस्तकाला तारे कमी देतात. इतिहासात या बायकांची क्षमा कुणीही मागितली नाही. नुकसानभरपाई होती, पण ती मारल्या गेलेल्या माणसाच्या दर्जाप्रमाणे ठरे आणि त्याच्या नातेवाइकांना मिळे. जुन्या आइसलँडच्या कायद्यात एखाद्या स्त्रीला उद्देशून प्रेमकविता रचणाऱ्याला देशोधडीला लावण्याची शिक्षा होती. दासी विकत घेणाऱ्याला मात्र फक्त तराजू बरोबर आहे की नाही हे पाहावे लागे. या हिशेबात क्षमेचे एक प्रकरण घालावेसे वाटणे मला तरी समजते.

मात्र वैराचे लग्न कसे होते हे त्या लोकांनी स्वतः सांगितले आहे, आणि ते सांगणे फार कोरडे आणि फार हुशार आहे. तेराव्या शतकात स्नोरी स्तुर्लुसनने नोंदवलेल्या देवकथेत थ्यात्सी या राक्षसाला देवांनी मारल्यावर त्याची मुलगी स्काडी शिरस्त्राण आणि चिलखत चढवून, सगळी शस्त्रे घेऊन सूड उगवायला देवलोकी येते. देव तिला भरपाई म्हणून नवरा निवडायला सांगतात, पण अट अशी की निवड फक्त पावले पाहून करायची. सर्वांत देखणी पावले बाल्डर या देवाची असणार असे समजून ती निवडते, आणि वर पाहते तर तो समुद्रदेव न्योर्ड. लग्न होते. मग काही रात्री तिच्या डोंगरात आणि काही रात्री त्याच्या समुद्रकाठी राहायचे असे ठरते. त्याला लांडग्यांचे हुंकार सोसवत नाहीत, तिला पाणपक्ष्यांच्या कलकलाटाने झोप लागत नाही, आणि दोघे आपापल्या ठिकाणी निघून जातात. बापाच्या खुनावर तोडगा निघाला, झोपेवर निघाला नाही.

याच स्नोरीने राजांच्या चरित्रांत नॉर्वेच्या ओलाफ त्रिग्वासन राजाची एक हकिकत दिली आहे. राजाने ख्रिस्ती धर्माला विरोध करणाऱ्या लोहदाढी स्केग्गी नावाच्या पुढाऱ्याला मारवले आणि तडजोड म्हणून त्याची मुलगी गुड्रुन हिच्याशी लग्न केले. प्रेमकादंबरीची मांडणी इथे तयारच आहे: बापाचा मारेकरी, सक्तीचे लग्न, पहिली रात्र. राजाला झोप लागली असे वाटताच गुड्रुनने सुरी काढली. राजा सावध होता. त्याने ती हिसकावून घेतली, उठला आणि आपल्या माणसांना घडले ते सांगितले. गुड्रुनने आपले कपडे उचलले, सोबत आलेल्या माणसांना घेतले आणि आली त्या वाटेने ती निघून गेली. पुन्हा त्या शय्येवर ती आली नाही. आजच्या कादंबऱ्यांतही नायिका नायकाच्या गळ्याला सुरी लावते, किंबहुना तो प्रसंग नसेल तर वाचक चुकचुकतात, पण तिथे सुरी लावणे ही प्रणयाची सुरुवात असते. स्केग्गीच्या मुलीने सुरी ज्या कामासाठी उचलली होती ते स्पष्ट होते.

लाक्सदेला साग्यातली दुसरी गुड्रुन, ओस्विफरची मुलगी, हिची गोष्ट याहून अवघड आहे. तिचे ज्याच्यावर मन होते तो क्यार्तान, म्हणजे मेलकोर्काचा नातू. त्याचे नावही त्या आयरिश राजाच्या नावावरून ठेवलेले. गैरसमजातून आणि अर्धसत्यातून तिचे लग्न त्याच्या जिवलग मित्राशी, बोल्लीशी होते, आणि पुढे तीच नवऱ्याला आणि भावांना डिवचून क्यार्तानला मारायला लावते. काही वर्षांनी त्याच्या सुडापोटी बोल्ली मारला जातो. मारेकऱ्यांपैकी हेल्गी नावाचा माणूस रक्ताळलेला भाला गुड्रुनच्या शालीच्या टोकाला पुसतो, आणि ती त्याच्याकडे पाहून हसते. बरोबरचा माणूस हेल्गीला हा दुष्टपणा झाला असे म्हणतो, तेव्हा हेल्गी उत्तर देतो, की या शालीच्या टोकाखाली माझा काळ दडलेला आहे. ती गरोदर होती, आणि पुढे त्याचे म्हणणे खरे ठरले. म्हातारपणी, आंधळी होण्यापूर्वी, तिला मुलगा विचारतो की तुझे सर्वांत जास्त प्रेम कुणावर होते. ती आधी एकेका नवऱ्याचे गुण सांगत टाळाटाळ करते, आणि मग म्हणते, की ज्याच्यावर मी सर्वांत जास्त प्रेम केले त्याच्याशीच मी सर्वांत वाईट वागले. शत्रुत्वाकडून प्रेमाकडे जाणारी सरळ वाट इथे नाही. दोन्ही एकाच छातीत, एकाच वेळी, साठ वर्षे.

आणि तरी सगळीच गोष्ट रक्ताची नव्हती, हेही मान्य करायला हवे. इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात डेन, म्हणजे डेन्मार्ककडचे लोक शेती करू लागले, तिथल्या बायकांशी त्यांनी लग्ने केली, बाजारात त्यांची कुजबुज एकमेकांना कळू लागली. तेराव्या शतकातल्या, वॉलिंगफर्डच्या जॉनच्या नावावर असलेल्या एका बखरीत तर तक्रार आहे, की हे डेन रोज केस विंचरत, दर शनिवारी अंघोळ करीत, वरचेवर कपडे बदलत आणि अशा उपायांनी विवाहित स्त्रियांच्या शीलाला वेढा घालत. मला हा वायकिंग प्रेमकथेतला सर्वांत विश्वासार्ह परिच्छेद वाटतो. उघड्या छातीपेक्षा विंचरलेले केस आणि धुतलेला सदरा हे आकर्षणाचे अधिक पटण्याजोगे कारण आहे. पण बखरकार ही तक्रार ज्या संदर्भात करतो तो भयंकर आहे: 13 नोव्हेंबर 1002 या दिवशी इथेलरेड राजाने इंग्लंडमधल्या डेन पुरुषांची कत्तल करण्याचा हुकूम दिला होता. त्याच वर्षी त्याने नॉर्मंडीच्या ड्यूकची बहीण एमा हिच्याशी लग्न केले होते, आणि एमाची आई डेन वंशाची होती.

ही एमाच पुढे शत्रूशी लग्न करते. 1016 मध्ये इथेलरेड वारला, त्याचा मुलगा एडमंडही गेला, आणि डेन्मार्कचा नूट इंग्लंडचा राजा झाला. 1017 सालाखाली अँग्लो-सॅक्सन बखरीत एकच ओळ आहे: राजाने हुकूम करून इथेलरेडची विधवा, रिचर्डची मुलगी, आपली बायको म्हणून आणवली. नूट तिच्याहून वयाने बराच लहान होता आणि त्याच्याजवळ नॉर्दॅम्प्टनची एल्फगिफू ही आधीची बायको व तिचे मुलगे होते. बखरीतल्या त्या ओळीत एमा ही गिल्लीच्या तंबूतल्या बाईइतकीच गप्प आहे. फरक इतकाच, की ती राणी होती, पैसेवाली होती, आणि 1041-42 च्या सुमारास तिने फ्लँडर्समधल्या एका भिक्षूकडून स्वतःची हकिकत लिहवून घेतली. त्या ग्रंथात नूट साऱ्या देशांत योग्य वधू शोधत फिरतो आणि नॉर्मंडीत त्याला एमा सापडते; मागणी घालायला आलेल्यांना ती नकार देते आणि आपल्याखेरीज दुसऱ्या बायकोचा मुलगा गादीवर बसणार नाही अशी शपथ नूटने घेतल्यावरच होकार देते. इथेलरेडचे नाव ग्रंथात कुठेही नाही. त्याच्यापासून झालेले तिचे मुलगे परमुलुखात वाढले, त्याचा खुलासा असा केला आहे, की या दांपत्याने आपली इतर औरस मुले नॉर्मंडीला वाढायला पाठवली. शत्रूवरचे प्रेम निर्भेळ दिसावे म्हणून पहिला नवरा खोडला, आणि त्याची मुले दुसऱ्याच्या पदरात घातली.

ग्रंथाच्या सुरुवातीला एक चित्र आहे. एमा सिंहासनावर बसली आहे, भिक्षू गुडघे टेकून तिला पुस्तक देतो आहे, आणि कडेला कमानीआडून तिचे दोन मुलगे डोकावत आहेत: नूटपासूनचा हार्थाक्नूट आणि इथेलरेडपासूनचा एडवर्ड. हार्थाक्नूट 1042 मध्ये वारला आणि एडवर्ड राजा झाला. 1043 च्या नोव्हेंबरात तो आपल्या तीन बड्या सरदारांना घेऊन विंचेस्टरला आईच्या वाड्यावर गेला आणि तिचे सोने, चांदी, जे काही होते ते सगळे काढून घेतले; कारण, बखर म्हणते, राजा होण्यापूर्वीही आणि नंतरही आईने त्याच्यासाठी त्याला हवे होते त्याहून कमीच केले होते.